दूध-तुपाविना आवडीचं जेवण: घरच्या घरी कसं जमवाल?

दूध-तूप सोडलेल्या किंवा सोडू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. सकाळच्या चहाचं काय करायचं? वरणभातावर तुपाऐवजी काय घालायचं? कढी आणि श्रीखंड आता कायमचं बंद का? पाकिटावर हिरवा ठिपका असला म्हणजे पुरे ना? इंटरनेटवर उत्तरं भरपूर मिळतात, पण त्यातली बरीचशी परदेशी स्वयंपाकघरातली असतात. न्यूट्रिशनल यीस्ट आणा, बदामाचं दूध आणा, व्हीगन चीज आणा, असं सांगितलं जातं. महागड्या बरण्या आणून आठवडाभरात लोक कंटाळतात आणि ‘हे आपल्याला जमणारं नाही’ म्हणून सोडून देतात.

हे नक्की जमतं, आणि तेही कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळणाऱ्या सामानात. त्यासाठी एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. दुधाला पर्याय शोधण्याआधी त्या पदार्थात दूध नेमकं काय काम करतं, ते पाहा.

आधी ठरवा: तुम्ही काय सोडताय आणि कशासाठी?

पुढचे सगळे निर्णय यावर अवलंबून आहेत, म्हणून हे आधी स्पष्ट करून घ्या.

- दूध पचत नाही म्हणून: लॅक्टोज न पचणाऱ्या अनेकांना दही, ताक, तूप बेताच्या प्रमाणात चालतं. तुमच्या डॉक्टरांचंही तेच मत असेल, तर सगळं बदलण्याची गरज नाही. फक्त चहा, खीर, बासुंदीपुरता पर्याय पुरेल.
- दुधाची ॲलर्जी म्हणून: इथे थेंबभरही चालत नाही. विरजणापुरतं गायीचं दही, बटर लावलेला पाव, दुधाची पावडर घातलेलं बिस्किट, सगळं बंद. ‘लॅक्टोज-फ्री’ लिहिलेलं दूध हे दूधच असतं. ॲलर्जी असलेल्यांनी ते घेऊ नये.
- प्राण्यांविषयीच्या भूमिकेतून: मग दुधाबरोबर मध आणि अंडंही आलं. पहिलं विरजण कुठून आणायचं, हा प्रश्न याच वाचकांना सर्वांत जास्त छळतो. त्याचं उत्तर पुढे दह्याच्या भागात आहे.

पर्याय शोधण्याआधी आपलंच ताट पाहा

मराठी जेवणातल्या कितीतरी आवडत्या पदार्थांत मुळातच दूध नाही, किंवा ते वरून वाढलेल्या चमचाभर तुपापुरतंच आहे. झुणका-भाकर, ठेचा, मिसळ, मटकीची उसळ, भरली वांगी, खानदेशातली शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत, विदर्भातला पातोडी रस्सा, मराठवाड्यातली येसर आमटी: यातल्या कशालाही पर्याय शोधावा लागत नाही. उपासाची भगर आणि दाण्याची आमटी तुपाऐवजी शेंगदाणा तेलावर केली की झालं. साबुदाण्याच्या खिचडीचंही तेच. शेंगदाणा तेल उपासाला चालतं की नाही, हा तुमच्या घरच्या रिवाजाचा प्रश्न आहे. चवीत फारसा फरक पडत नाही.

गोडाच्या बाबतीत तर कोकण आणि गोव्याकडे पाहायलाच हवं. तिथे गोडाची सारी भिस्त नारळाच्या दुधावर आहे. चणाडाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचं दूध घालून केलेलं गोव्याचं मणगणं, सिंधुदुर्गातले तांदळाचे शिरवाळे आणि त्याबरोबरचा गोड रस, खापरोळी, गौरी-गणपतीतलं घावन-घाटलं, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, नाताळातला डोदोल, ज्यात तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ असतो. हे पदार्थ कशाचीही नक्कल नाहीत. उकडीच्या मोदकाच्या उकडीत तुपाऐवजी चमचाभर खोबरेल घाला. वर तुपाची धार धरायची त्याऐवजी नारळाचं जाड दूध वाढा.

पुरणपोळीची चिंताही वाटते तेवढी मोठी नाही. तेलावर लाटलेली तेलपोळी आपल्याकडे पूर्वीपासून आहे. कोकणात पोळी नारळाच्या दुधात बुडवून खातात, खानदेशात आमरसाशी खातात, आणि गुळवणी नारळाच्या दुधात उत्तम होते. कटाच्या आमटीत दूध नसतंच.

माझा आग्रह असा की पहिले दोन-तीन आठवडे फक्त हेच पदार्थ करा. हात बसला आणि जेवण अपुरं वाटेनासं झालं की मग जे पदार्थ खरोखरच आठवतात, तेवढ्यांचेच पर्याय शिका. बहुतेक घरांत ती यादी पाच-सहा पदार्थांपलीकडे जात नाही.

दूध कोणतं, कशासाठी?

एकच वनस्पतिजन्य दूध सगळीकडे वापरायला गेलात की फसगत होते.

- सोया: प्रथिनांच्या बाबतीत गायीच्या दुधाच्या सर्वांत जवळचं. चहा, दही, टोफू, केक यांसाठी हेच घ्या. लातूर आणि विदर्भाच्या बाजारांत सोयाबीनचे ढीग असतात, पण आपण ते तेलापुरतंच ओळखतो.
- काजू: गाळावं लागत नाही. ग्रेव्ही, बासुंदी, श्रीखंडाला दाटपणा देतं. महाग पडतं, म्हणून जोडीला वापरा.
- शेंगदाणा: स्वस्त, दह्या-कढीला चांगलं. चहात मात्र दाण्याचा वास पुढे येतो.
- नारळ: गोडाला आणि सोलकढीला याच्यासारखं दुसरं नाही. प्रथिनं अगदी कमी, स्निग्धांश भरपूर. रोज पेलाभर पिण्यासाठी नव्हे.
- ओट्स: घरी केलेलं तापवलं की खळीसारखं चिकट होतं. थंड पेयापुरतं ठेवा.

सोयाचं दूध घरी करताना. एक वाटी सोयाबीन रात्रभर भिजवा, थंडीत बारा तास. चोळून सालं काढा. वाटताना गार पाणी घालू नका, कडकडीत गरम पाणी घाला. सोयाचा जो कच्चट वास अनेकांना नकोसा होतो, तो गार पाण्यात वाटताना तयार होतो. एका वाटीला सहा-सात वाट्या पाणी धरा. मलमलच्या फडक्यातून गाळा, मग मोठ्या पातेल्यात उकळा. इथे सावध राहा: खरी उकळी येण्याआधीच फेस वर चढतो आणि दूध उतू जातं. आच कमी करून, ढवळत, फेस बसल्यावर पुढे किमान दहा-पंधरा मिनिटं उकळत ठेवा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात. ते नीट उकळल्याने निष्प्रभ होतात. म्हणून ही पायरी गाळू नका. उरलेला चोथा टाकू नका, थालीपिठात किंवा वड्यात घाला. तोही शिजूनच पोटात गेला पाहिजे.

चहा

चहात दूध फुटतं, त्याचं कारण असं: चहाचं पाणी थोडं आम्लधर्मी असतं, आणि गरम आम्लात सोयाची प्रथिनं एकत्र येऊन गुठळ्या होतात. कॉफी अधिक आम्लधर्मी, म्हणून कॉफीत सोया जास्त फुटतं. इलाज सोपा आहे.

1. पाणी, आलं, चहापूड, साखर एकत्र नीट उकळा. आलं आधीच पूर्ण उकळलेलं असू द्या.
2. दूध वेगळ्या भांड्यात गरम करा. फ्रिजमधलं गार दूध उकळत्या चहात कधीही ओतू नका.
3. आच मंद करून गरम दूध हळूहळू घाला. एखादा मिनिट ठेवून उतरवा. दूध घालून पाच मिनिटं खळाखळा उकळण्याची आपली सवय इथे सोडावी लागते.
4. गुळाचा चहा आवडत असेल तर गूळ गॅस बंद केल्यावर, अगदी शेवटी.

तीन भाग सोया आणि एक भाग काजू असं मिश्रण केलंत तर सोयाचा वास दबतो आणि चहाला जाडीही येते. नुसत्या सोयाचा चहा मला पातळ आणि रुक्ष वाटतो. काजूने तो भरतो. काजूचं दूध मात्र उकळलं की आणखी घट्ट होतं, म्हणून पाव वाटी काजूला दोन वाट्या पाणी घ्या.

दही: सर्वांत अवघड, पण शिकण्याजोगं

दही जमलं की ताक, मठ्ठा, कढी, कोशिंबीर, दहीभात, श्रीखंड ही सगळी दारं उघडतात. म्हणून वेळ द्यायचा तर इथे द्या.

*पहिलं विरजण.* गायीचं दही नको असेल तर हिरव्या मिरचीचे देठ वापरा. देठांवर दही लावणारे जिवाणू नैसर्गिकरीत्या असतात. आठ-दहा ताज्या मिरच्यांचे देठ टोपीसकट खुडून, धुऊन कोमट दुधात टाका आणि उबेत बारा तास ठेवा. पहिल्या खेपेला लागतं ते दही बहुधा सैल असतं, मिरचीचा वासही येतो. ते खायचं नाही. त्यातलं चमचाभर दही दुसऱ्या खेपेला विरजण म्हणून वापरा. ही दुसरी खेप नीट लागते. इथेच बरेच जण पहिल्या खेपेवरून निकाल देतात आणि थांबतात.

दुसरा मार्ग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या प्रोबायोटिक कॅप्सूलचा. दुधाची ॲलर्जी असेल तर घटकांची यादी वाचून घ्या, कारण काही कॅप्सूलमध्ये दुधाचे अंश असतात. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचंही असू शकतं.

*शेंगदाण्याचं दही.*

1. एक वाटी कच्चे शेंगदाणे सहा-आठ तास भिजवा. चोळून सालं काढा, पाणी फेकून द्या. भाजलेले दाणे घेऊ नका.
2. तीन वाट्या पाणी थोडं थोडं घालत अगदी गुळगुळीत वाटा आणि फडक्यातून पिळून गाळा.
3. मंद आचेवर सतत ढवळत दहा मिनिटं उकळा. हे दूध तळाला फार लवकर लागतं.
4. अर्धा चमचा साखर घाला. वनस्पतिजन्य दुधात लॅक्टोज नसतं. साखरेमुळे जिवाणूंना अन्न मिळतं. दही गोड होत नाही.
5. दूध कोमट होऊ द्या. बोट बुडवून सहज दहा आकडे मोजता यावेत इतपत. फार गरम असेल तर विरजण मरतं, गार असेल तर जागं होत नाही.
6. दोन चमचे विरजण नीट मिसळून झाका. उन्हाळ्यात सहा-सात तास, पुण्या-नाशिकच्या थंडीत दहा-बारा तास. थंडीत भांडं उबदार कापडात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये किंवा कपाटात ठेवा.

नुसत्या शेंगदाण्याचं दही खाली पाणी सोडतं. हे बिघडल्याचं लक्षण नव्हे; ढवळलं की एकजीव होतं. घट्ट कवडी हवी असेल तर अर्धं दूध सोयाचं घ्या, कारण आंबट झालं की सोयाची प्रथिनं घट्ट गोठतात. रोजच्या दह्यासाठी मी हेच मिश्रण सुचवेन.

टाकून कधी द्यायचं? गुलाबी, काळे, हिरवे डाग दिसले, तार येऊ लागली किंवा आंबटाऐवजी कुजका वास आला तर. वरचा थर काढून खालचं वापरण्याचा मोह टाळा.

*कढी.* शेंगदाण्याच्या दह्याची कढी मूळ कढीच्या जवळ जाते. एक वाटी दही, दोन वाट्या पाणी आणि नेहमीच्या निम्मंच बेसन घ्या, कारण हे दही तापलं की आपोआप दाटतं. आलं-मिरची वाटून घाला. मंद आचेवर ढवळत राहा, कडकडून उकळी येऊ देऊ नका. फोडणीत जिरं, हिंग, मेथीदाणे, कढीपत्ता आणि ठेचलेला लसूण. लसणाने दाण्याचा वास झाकला जातो. दही लावायला वेळ नसेल त्या दिवशी आमसुलाचं सार किंवा सोलकढी करा. सोलकढीचं नारळाचं दूध तापवायचं नाही, हे मुंबई-पुण्याकडच्या नव्या हातांनी लक्षात ठेवावं. तापवलं की ते फुटतं.

*श्रीखंड.* यासाठी शेंगदाणा नको, दाण्याची चव साखरेखाली दबत नाही. सोयाचं घट्ट दही फडक्यात बांधून फ्रिजमध्येच रात्रभर टांगा; बाहेर टांगलं तर फार आंबतं. चक्का जेवढा होईल त्याच्या निम्मा भिजवलेल्या काजूचा गोळा, अगदी लोण्यासारखा वाटून, त्यात मिसळा. पिठीसाखर चवीने घाला. केशर, वेलची आणि जायफळ. पुरणयंत्रातून किंवा गाळणीतून काढलं की पोत येतो. चार तास गार करून मगच चव घ्या. हापूसचा रस घालून केलेलं आम्रखंड तर याहून सोपं, कारण आंब्याचा सुगंध बाकी सगळं सांभाळून घेतो.

तूप आणि लोणी

साजूक तुपाच्या वासाला तंतोतंत पर्याय नाही. तो वास लोणी कढताना तळाशी भाजल्या जाणाऱ्या दुधाच्या घनांशातून येतो आणि कोणत्याही तेलात ते घनांश नसतात. हे मान्य करून पुढे गेलात तर निराशा होणार नाही. मग प्रश्न उरतो तो तूप तिथे काय काम करतं याचा.

- वरणभातावर: तिथे हवा असतो सुवास आणि स्निग्धपणा. चमचाभर घाणीच्या तेलात जिरं, हिंग आणि लसूण खरपूस करून ती फोडणी वरून घाला, लिंबू पिळा. तुपासारखंच काही हवं असेल तर वाटीभर वास नसलेल्या रिफाइंड खोबरेल तेलात कढीपत्त्याची दहा पानं, पेरूची दोन स्वच्छ पानं आणि चिमूटभर हळद मंद आचेवर दहा मिनिटं ठेवून गाळा.
- पोळी-भाकरीला: शेंगदाण्याचं किंवा तिळाचं कच्चं तेल. थालीपिठावरच्या लोण्याच्या गोळ्याऐवजी दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी वाढा.
- लाडवाला: तूप इथे पीठ बांधून धरतं. खोबरेल तेल साधारण 24 अंशांना वितळतं, म्हणून त्यात केलेला बेसन लाडू जानेवारीत बसतो आणि मे महिन्यात पसरतो. उन्हाळ्यात पाकातला रवा-नारळाचा लाडू किंवा तीळ-गूळ-दाण्याचा लाडू करा. वनस्पती तुपाकडे वळू नका. जानेवारी 2022 पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे हे खरं, तरी रोजच्या वापरासाठी ते चांगलं नव्हेच.
- पावभाजीला: भाजी तेलात परता आणि शेवटी दोन चमचे काजूची पेस्ट घाला. पावासाठी घरचं लोणी करा. अर्धी वाटी वितळलेलं रिफाइंड खोबरेल, दोन चमचे दुसरं कोणतंही तेल, पाव वाटी दाट सोया दूध, चमचाभर व्हिनेगर, मीठ, चिमूटभर हळद मिक्सरमध्ये एकजीव करून गार करा. फ्रिजमध्ये ते आठ-दहा दिवस टिकतं.

बाजारातलं मार्जरिन घेताना यादी वाचा, काहींत दुधाचे घनांश असतात.

पनीर, अंडं, खिमा, रस्सा

पनीरला टोफू. लिटरभर सोया दूध उकळून दोन-तीन मिनिटं निववा, दोन मोठे चमचे लिंबाचा रस पाण्यात मिसळून हलक्या हाताने घाला, फाटलं की गाळून वजनाखाली अर्धा तास दाबा. टोफूला स्वतःची चव नसते. म्हणून तुकडे आधी मिठाच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, पुसून तेलात खरपूस परता, मग ग्रेव्हीत टाका. ही पायरी गाळली की ‘टोफू मिळमिळीत लागतो’ ही तक्रार येते.

ऑम्लेटची चिंता नको, आपलं टोमॅटो ऑम्लेट बेसनाचंच असतं. भुर्जीसाठी टोफू हाताने कुस्करा, कांदा-टोमॅटो-मिरचीच्या नेहमीच्या फोडणीत परता आणि गॅस बंद करताना पाव चमचा काळं मीठ घाला. अंड्याचा ओळखीचा वास काळ्या मिठातल्या गंधकामुळे येतो. आधी घालून शिजवलं तर तो उडून जातो.

खिम्याला सोयाचा चुरा. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून दोन-तीन वेळा घट्ट पिळा, नाहीतर वास राहतो. मग तेलात तांबूस परतून वाटण घाला. कोल्हापुरी किंवा मालवणी रश्श्याची चव बरीचशी वाटणातच असते: भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, खसखस, मसाला. त्यात कोवळा फणस उत्तम लागतो. फणस चिरताना हाताला आणि विळीला तेल लावा, चीक चिकटत नाही. पण फणसात प्रथिनं फार थोडी असतात, त्यामुळे त्या जेवणात जोडीला एखादी उसळ असू द्या. तळलेल्या माशाची आठवण येत असेल तर सुरणाचे किंवा कच्च्या केळ्याचे काप, आगळ-मिरचीपूड-हळद लावून, रव्यात घोळवून तव्यावर परता.

हिरव्या ठिपक्याचा अर्थ आणि तुमचे हक्क

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, व्हीगन नव्हे. आपल्या अन्नकायद्याच्या व्याख्येत दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाशांचं मेण आणि शेलॅक म्हणजे लाख मांसाहारी धरले जात नाहीत. त्यामुळे हे सगळं हिरव्या ठिपक्याखाली येऊ शकतं.

- व्हीगन चिन्ह वेगळं आहे. 2022 च्या नियमांनुसार हिरव्या रंगातलं इंग्रजी ‘व्ही’ अक्षर आणि त्याला फुटलेलं पान असं चिन्ह ठरलं. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, मान्यतेशिवाय कंपनीला ते वापरता येत नाही. चिन्ह नाही म्हणजे पदार्थ व्हीगन नाहीच, असं मात्र नाही. तिथे यादी वाचावी लागते.
- यादीत हे शब्द शोधा: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन किंवा केसिनेट, बटर फॅट, मध. आयएनएस 901 म्हणजे मधमाशांचं मेण, आयएनएस 904 म्हणजे शेलॅक. ‘नॉन-डेअरी’ क्रीमरमध्येही केसिनेट असू शकतं.
- ॲलर्जीची सूचना वाचा. दूध, शेंगदाणा, काजू-बदामासारखी कवचाची फळं, सोया, गहू असलेल्या पदार्थांवर तसं लिहिणं बंधनकारक आहे. घाईत असाल तर ही एक ओळ वाचा.
- दुकानात ‘सोया मिल्क’ शोधू नका. नारळाच्या दुधासारखे रूढ अपवाद सोडले तर वनस्पतिजन्य पेयाला पाकिटावर दूध म्हणता येत नाही. ‘सोया ड्रिंक’, ‘ओट बेव्हरेज’ अशी नावं पाहा आणि साखरेचं प्रमाणही पाहा.
- हॉटेलात विचारणं हा तुमचा हक्क आहे. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी ॲलर्जीविषयीची माहिती द्यायला हवी. साध्या हॉटेलात ‘व्हीगन’ हा शब्द न वापरता ‘तूप, बटर, दही, क्रीम, पनीर, दूध काहीच नको’ असं एकेक नाव घेऊन सांगा. नानच्या कणकेत बहुधा दही किंवा दूध असतं. तंदुरी रोटी बटर न लावता मागा. डोशाच्या तव्यावर लोणी फिरतं, ते आधीच थांबवा. बेकरीत लादी पावाबद्दल दोन प्रश्न विचारा: कणकेत दुधाची पावडर आहे का, आणि वरून बटर लावता का?
- चुकीची माहिती छापलेली आढळली तर बिल, पाकिटाचा फोटो, बॅच क्रमांक आणि चौदा अंकी परवाना क्रमांक जपून ठेवा. एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

जे ताटातून भरून निघत नाही

बी-12 जीवनसत्त्व. वनस्पतिजन्य आहारात त्याचा भरवशाचा स्रोत नाही. इडली, आंबील, घरचं दाण्याचं दही, स्पिरुलिना यांवर विसंबू नका. स्पिरुलिनातला बहुतांश बी-12 शरीराला वापरता येत नाही. दूध-अंडी पूर्ण सोडली असतील तर डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा आणि मधूनमधून रक्त तपासा. याची कमतरता हळूहळू वाढते आणि मज्जातंतूंना इजा करू शकते. हा सल्ला ऐच्छिक समजू नका.

कॅल्शियमचं गणित मांडता येतं. प्रौढांना दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत ते साधारण 350 मिलिग्रॅम असतं, सालासकट तिळात हजाराच्या वर. सालं काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात बरंच कमी. म्हणून नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, राजगिरा, पालेभाज्या रोजच्या जेवणात येऊ द्या. घरच्या वनस्पतिजन्य दुधात वरून कॅल्शियम घातलेलं नसतं, तेव्हा पेलाला पेला असा हिशोब करू नका.

- एक वर्षाखालच्या बाळाला आईच्या दुधाऐवजी नारळ, ओट्स, बदाम, सोया यांचं घरचं दूध कधीही देऊ नका.
- गर्भवती, स्तनदा आणि वाढत्या मुलांचा आहार आहारतज्ज्ञांना दाखवून ठरवा.
- थायरॉइडची गोळी घेत असाल तर सोया आणि गोळी यांत किती तासांचं अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. सोयामुळे गोळीचं शोषण कमी होऊ शकतं.

टिकवण आणि पाहुणे

घरचं सोया, काजू, शेंगदाण्याचं दूध फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, दही तीन-चार दिवस, टोफू रोज पाणी बदलून चार-पाच दिवस टिकतो. नारळाचं दूध त्याच दिवशी संपवा. आठवड्याला एक दिवस ठरवून सोयाचं दूध मोठ्या प्रमाणात करा. त्यातलं थोडं चहाला, थोडं दह्याला, उरलेल्याचा टोफू.

कुणाकडे जेवायला जायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करा आणि काय खात नाही त्यापेक्षा काय चालतं ते सांगा: ‘काकू, आमटी-भात, उसळ, भाकरी सगळं चालेल, फक्त फोडणी तेलाची करा आणि माझं पान वाढताना तूप घालू नका.’ घरात सासूबाई किंवा आई नैवेद्याला दुधातुपाचंच करत असतील तर त्यांच्या स्वयंपाकात बदल मागण्यापेक्षा एक पदार्थ तुम्ही करा. मणगणं किंवा शिरवाळे यांवर सहसा कुणाची हरकत नसते. पंचामृताचं तीर्थ घ्यायचं की नाही, हे आधीच ठरवून मोठ्यांशी बोलून ठेवा, ऐन पूजेत वाद नको.

आणि तुमच्याकडे कुणी जेवायला येणार असेल तर श्रीखंडात काजू, कढीत शेंगदाणा, भुर्जीत सोया आहे, हे पानं मांडण्याआधी सांगा. पदार्थ ओळखीचा दिसतो म्हणून पाहुणे विचारत नाहीत, आणि शेंगदाण्याची किंवा काजूची ॲलर्जी असलेल्या माणसाला एक घासही जिवावर बेतू शकतो.